नववर्षाचा संकल्प आणि पादांशिक क्रम

भिवंडीसारख्या शहरात नवे वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. १ जानेवारीस नवी दिनदर्शिका भिंतीवर लागते. चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी घरांवर गुढी उभी राहते आणि त्याच दिवशी येथील तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबे उगादी साजरी करतात. मोहरमच्या पहिल्या तारखेस हिजरी वर्ष बदलते. दिवाळीच्या पाडव्यास पेढ्यांवर वहीपूजन होते, तर १ एप्रिलला हिशेबाचे नवे वर्ष लागते. यांपैकी कोणत्याही दिवसाच्या आगेमागे चिकित्सालयात येणारा रुग्ण वैद्यांसमोर काही ना काही ठरवून जातो. उद्यापासून तंबाखू बंद, चहा बंद, पहाटे उठणार, रोज चालणार, दहा किलो वजन उतरवणार, असे त्या संकल्पांचे स्वरूप असते. काही आठवड्यांनी तोच रुग्ण तीच लक्षणे घेऊन परत येतो आणि संकल्पाचा विषय दोघेही टाळतात.

रुग्णाचे मन दुबळे आहे असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो. आमच्या मते येथे मनापेक्षा पद्धतीचा दोष अधिक असतो. जुनी सवय कशी सोडावी आणि नवी कशी लावावी याची नेमकी पद्धत आपल्या संहितांत सांगितलेली आहे. मात्र परीक्षेपुरती पाठ झाल्यावर ती व्यवहारात क्वचितच उतरते. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, आजच्या संशोधनाशी तिचा मेळ, भिवंडीतील रुग्णांसाठी तिचा उपयोग आणि तिच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

संकल्प कोठे मोडतो?

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवेचन करताना धी, धृती आणि स्मृती या तिघींचा भ्रंश सांगितला आहे. संकल्प मोडण्याची कारणेही या तीन ठिकाणी शोधता येतात. हित कशात आहे हे कळलेच नसेल तर तो धीचा दोष. कळूनही मोहाच्या क्षणी मन आवरता येत नसेल तर तो धृतीचा. आणि कळते, आवरताही येते, परंतु योग्य वेळी आठवतच नाही, हा स्मृतीचा दोष होय.

रुग्णाला उपदेश करताना आपला बहुतेक वेळ धीवर खर्च होतो. तंबाखू वाईट आहे हे आपण दहा वेळा सांगतो, पण ते त्यास पूर्वीच ठाऊक असते. मग धृतीवर ठपका ठेवला जातो. स्मृतीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. वस्तुतः पुष्कळ संकल्प साध्या विस्मरणाने संपतात. झोपताना त्रिफळा घ्यावयाचे ठरलेले असते, पण अंथरुणावर पडल्यावर डबी स्वयंपाकघरात राहिल्याचे लक्षात येते. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी संकल्पही जातो.

त्याच अध्यायात चरकाचार्यांनी स्मृतीची आठ कारणे दिली आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. तेथील प्रसंग तत्त्वज्ञानाचा आहे, हे खरे. तरीही यांतील निमित्त, अभ्यास आणि पुनःश्रुत ही तीन कारणे व्यवहारात फार उपयोगी पडतात. निमित्त म्हणजे आठवण करून देणारा प्रसंग, अभ्यास म्हणजे तीच कृती पुनःपुन्हा करणे आणि पुनःश्रुत म्हणजे तीच गोष्ट पुन्हा कानावर पडणे. संकल्पाला या तिघांचा आधार मिळाला तर धृतीवरचा भार पुष्कळ हलका होतो.

पादांशिक क्रम म्हणजे काय?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाने आपणा सर्वांस परिचित आहे. तेरा अधारणीय वेगांचे वर्णन करणाऱ्या याच अध्यायात सवय बदलण्याचा विधी येतो. अंगवळणी पडलेल्या अहितकर गोष्टीपासून शहाण्या माणसाने क्रमाक्रमाने निवृत्त व्हावे आणि हितकर गोष्टीचे सेवनही क्रमानेच वाढवावे, असा त्याचा आशय आहे. हा क्रम पादाचा, म्हणजे चतुर्थांशाचा आहे. अहिताचा एक पाद कमी करावयाचा आणि त्या रिकाम्या जागी हिताचा एक पाद घालावयाचा. पुढच्या पायरीपूर्वी अंतर ठेवावयाचे आणि ते अंतरही एक, दोन, तीन असे वाढवीत न्यावयाचे.

दिवसांच्या गणनेविषयी टीकाकारांत मतभिन्नता आहे. एक सोपी मांडणी अशी करता येते : पहिल्या दिवशी अपथ्याचे तीन व पथ्याचा एक पाद, पुढील दोन दिवस दोन्हींचे दोन दोन पाद, त्यापुढील तीन दिवस अपथ्याचा एक व पथ्याचे तीन पाद, आणि सातव्या दिवसापासून संपूर्ण पथ्य. अशा क्रमाने क्षीण केलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत आणि क्रमाने वाढविलेले गुण स्थिर राहतात, असे त्याचे फळ आचार्यांनी सांगितले आहे.

वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात हाच विषय मांडताना आणखी एक सोय ठेवली आहे. ज्याला पाद जड जाईल त्याने पादाचाही पाद, म्हणजे सोळावा हिस्सा कमी करावा. अभ्यासातले अपथ्य एकदम सोडणे आणि सवय नसलेले पथ्य एकदम सुरू करणे, या दोहोंनी विकार होऊ शकतात, असा इशाराही तेथे आहे. १ जानेवारीस व्यायामशाळेत नाव घालून पहिल्याच दिवशी दीड तास घाम गाळणारा आणि चौथ्या दिवशी पाठ धरून आपल्याकडे येणारा तरुण हे याचे नेहमीचे उदाहरण होय. अर्धशक्तीने व्यायाम करण्याचे शास्त्रवचन त्याला कोणी सांगितलेले नसते.

या क्रमातील दोन बारकावे लक्षात घ्यावेत. पहिला असा की नुसते सोडणे येथे सांगितलेले नाही. जेवढा पाद काढला तेवढा भरावयाचा आहे. दुसरा असा की प्रत्येक पायरीवर काही काळ थांबावयाचे आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात लवणाच्या अतिसेवनाची चर्चा करताना बाह्लीक, सौराष्ट्र, सैंधव आणि सौवीर या प्रदेशांतील लोक दुधाबरोबरही मीठ खातात असा उल्लेख येतो. अशा लोकांनाही मीठ एकाएकी तोडण्यास न सांगता त्या सात्म्यापासून हळूहळू दूर होण्यास सांगितले आहे. कारण सात्म्य झालेली वस्तू क्रमाने सोडल्यास दोष होत नाही किंवा अल्प होतो. आपल्या लोणचे-पापड सोडवत नसलेल्या रुग्णासही हेच लागू आहे.

पाडवा आणि ऋतुसंधी

वाग्भटांच्या गणनेनुसार माघ-फाल्गुन हा शिशिर आणि चैत्र-वैशाख हा वसंत होय. एका ऋतूचा शेवटचा आणि दुसऱ्याचा पहिला असे दोन सप्ताह मिळून ऋतुसंधी होतो. या काळात मागील ऋतूची चर्या क्रमाने सोडावी आणि पुढील ऋतूची क्रमाने स्वीकारावी, एकदम बदल केल्यास असात्म्यज रोग होतात, असे आचार्य सांगतात. आपल्या अमान्त पंचांगाप्रमाणे पाहता चैत्र शुद्ध प्रतिपदा शिशिर-वसंताच्या या चौदा दिवसांच्या अगदी मध्यावर येते. म्हणजे मराठी नववर्षाचा दिवस बदलाच्या वाटेवरच्या अर्ध्या टप्प्यावर उभा आहे. फाल्गुनाच्या शेवटच्या आठवड्यात तयारी सुरू व्हावी आणि चैत्राच्या पहिल्या आठवड्यात ती पूर्ण व्हावी, अशी ही रचना समजता येईल.

पाडव्यास कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, हिंग, जिरे, ओवा, मीठ आणि चिंच घालून खाण्याची आपली रीत आहे. उगादीच्या पच्चडीत कडुनिंबाची फुले, गूळ, चिंच, कच्ची कैरी, मीठ व तिखट असे सहाही रस एकत्र येतात. वसंतातील कफप्रकोप पाहता तिक्त रसाची ही योजना युक्तच आहे. परंतु चमचाभर चटणीने वर्षभराचे काम होत नाही. ती एका पादाची खूण आहे आणि पुढील पाद ज्याचे त्याने मोजावयाचे आहेत.

या दृष्टीने पाहिले तर वर्षारंभाच्या वेगवेगळ्या तारखा आपल्याला उपयोगीच पडतात. १ जानेवारीच्या सुमारास थंडीमुळे अग्नी व बल उत्तम असते, म्हणून व्यायामाचा आरंभ तेव्हा करावा. पाडव्यास गुरू, स्निग्ध व मधुर आहार कमी करण्याचा आणि दिवसाची झोप आवरण्याचा संकल्प शोभतो. सर्व संकल्प एकाच तारखेस बांधण्याची गरज नाही.

किती दिवस लागतात?

एकवीस दिवसांत सवय लागते, असे सर्रास सांगितले जाते. या समजुतीचे मूळ सामान्यतः मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाच्या १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात दाखविले जाते. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा अंगवळणी पडण्यास रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातील ‘निदान’ हा शब्द पुढे गळून पडला.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. ते २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांपैकी एकेक कृती ठरवून ती रोज एका ठराविक प्रसंगाला जोडून बारा आठवडे करावयाची होती. कृती आपोआप घडू लागण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ दिवस आला. व्यक्ती व कृतीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या वाढीत विशेष बाधा येत नाही, असेही दिसले. हा शेवटचा निष्कर्ष रुग्णांना अवश्य सांगावा. कारण एक दिवस चुकला म्हणजे सारे व्यर्थ गेले, या समजुतीने मोडणारे संकल्प फार आहेत.

संकल्प करणेच निरर्थक आहे, असा निष्कर्षही कोणी काढू नये. अमेरिकेतील जॉन नॉरक्रॉस व सहकाऱ्यांच्या २००२ च्या अभ्यासात बदलाची इच्छा असलेल्या दोन गटांची तुलना होती. नववर्षाचा संकल्प करणाऱ्यांपैकी ४६ टक्के सहा महिन्यांनंतर त्यावर टिकून होते. नुसती इच्छा बाळगणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के होते. त्यांच्याच त्यापूर्वीच्या, दोनशे जणांच्या अभ्यासात पहिला आठवडा ७७ टक्के जणांनी पार पाडला होता. दोन वर्षांनंतर मात्र १९ टक्केच उरले होते. संकल्पाने आरंभ होतो, टिकण्यासाठी क्रम लागतो, एवढेच यातून घ्यावयाचे.

आपल्या समाजाला हे नवीन नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासाचा नेम धरणारी आजी एकच लहान गोष्ट निवडते, तिला आरंभ व शेवट ठरवून देते आणि शेवटी उद्यापन करते. हा काळ सुमारे चार महिन्यांचा भरतो. रमजानच्या महिन्यात भिवंडीतील हजारो घरांचे जेवणाचे वेळापत्रक एका दिवसात बदलते आणि महिनाभर पाळले जाते. कारण वेळ ठरलेली असते, निमित्त अजानचे असते आणि सोबतीला सारा मोहल्ला असतो. एक गोष्ट, ठरलेली वेळ, ठरलेली मुदत आणि सोबत ही चार अंगे या परंपरांकडून घेण्याजोगी आहेत.

यंत्रमागाच्या पाळीत दिनचर्या

जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपानंतर विणकामाचा मोठा भाग भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. येथील मागांवर बारा बारा तासांच्या दोन पाळ्यांची रीत रूढ आहे आणि कारागिराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. माग थांबला की मजुरी थांबते. घर दूर, उत्तर प्रदेशात, बिहारात किंवा तेलंगणात असलेला एकटा कामगार भिशीत, म्हणजे कामगारांच्या सामायिक खाणावळीत जेवतो. महामार्गालगतच्या गोदामांतही आता रात्रीचे काम मोठ्या प्रमाणावर चालते.

अशा माणसाला ब्राह्ममुहूर्ती उठावयास सांगणे म्हणजे तो जागाच असलेल्या वेळी उठावयास सांगणे होय. तो मान डोलावतो, औषध घेतो आणि पथ्याचा कागद खिशात ठेवतो. अम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश आणि त्वचेचे विकार मात्र वर्षानुवर्षे चालू राहतात. मजुरी बुडवून दवाखान्यात आलेल्या माणसाला न पाळता येणारे पथ्य लिहून देणे ही चिकित्सेतील उणीव आहे.

शास्त्रात त्याची सोय आहे. सवयीचे नसलेले जागरण झाल्यास त्याच्या निम्म्या काळाइतकी झोप सकाळी, जेवणापूर्वी घ्यावी, असे वाग्भट सांगतात. सुश्रुताचार्यांनीही शारीरस्थानात रात्री जागलेल्यास अर्ध्या काळाची दिवानिद्रा मान्य केली आहे. निम्म्या काळाचे हे माप प्रसंगोपात्त जागरणाचे आहे. रोजच्या रात्रपाळीवाल्याची चोवीस तासांतील एकूण झोप सात तासांखाली जाऊ न देणे बरे. आपण येथून घ्यावयाचा तो क्रम, म्हणजे आधी झोप आणि मग पूर्ण जेवण. पाळी सुटल्यावर भिशीत पोटभर जेवून लगेच आडवे होण्याची रीत त्याच्या निम्म्या तक्रारींचे मूळ असू शकते. फार भूक असल्यास थोडी पेज किंवा मुगाचे कढण घ्यावे आणि मुख्य जेवण उठल्यावर करावे. हा बदलही पादाने करता येतो. पहिल्या आठवड्यात सकाळच्या जेवणातील चौथा हिस्सा उठल्यानंतरच्या जेवणात घालावा, त्यानंतर दोन आठवडे अर्धे-अर्धे ठेवावे, पुढील तीन आठवडे तीन हिस्से उठल्यावर घ्यावेत आणि सातव्या आठवड्यापासून मुख्य जेवण झोपेनंतरच करावे. बारा-पंधरा वर्षांच्या सवयीसाठी दिवसांच्या जागी आठवडे धरणे व्यवहार्य ठरते, असे आमचे मत आहे.

वेगधारणाचा प्रश्नही असाच आहे. एका वेळी अनेक माग सांभाळणारा कारागीर धागा तुटेल म्हणून मूत्रवेग तासन्‌तास दाबतो आणि जावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. त्याला ‘भरपूर पाणी प्या’ असे मोघम सांगण्याऐवजी कांडी बदलण्याच्या वेळी दोन घोट आणि चहाच्या सुट्टीत प्रथम मूत्रविसर्जन, असे नेमके निमित्त जोडून द्यावे.

संकल्पाची चिठ्ठी

औषधाची चिठ्ठी लिहिताना आपण कधी ‘चूर्ण भरपूर घ्यावे’ असे लिहीत नाही. द्रव्य, मात्रा, काल, अनुपान आणि पुनर्भेटीचा दिवस हे सर्व त्यात असते. संकल्पही याच रीतीने लिहावा, असे आम्ही सुचवितो.

द्रव्य म्हणजे कृती. ती एकच असावी आणि डोळ्यांना दिसणारी असावी. ‘तब्येत सांभाळणे’ ही कृती नव्हे, ‘जेवणानंतर शंभर पावले चालणे’ ही कृती होय.

मात्रा म्हणजे पाद. दिवसाला आठ कप चहा घेणाऱ्याचा एक पाद दोन कपांचा होतो. त्या दोन कपांच्या जागी धणे-जिऱ्याचे कोमट पाणी द्यावे. ज्याला तेही जड वाटेल त्याच्यासाठी वाग्भटांचा सोळावा हिस्सा आहे, तो अर्ध्या कपाचा भरतो. अर्धा कप कमी करणे कोणासही अशक्य नाही.

काल हे सर्वांत महत्त्वाचे अंग आहे. सुश्रुताने औषधाचे दहा काल सांगितले, शार्ङ्गधराने पाच. त्यांतील प्राग्भक्त, अधोभक्त, सभक्त हे काल जेवणाच्या घासाला बांधलेले आहेत. त्यामुळे जेवण समोर आले की औषध आठवते. दोषगती साधण्याबरोबर स्मृतीचे निमित्तही या योजनेत आपोआप साधले गेले आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ‘अमुक प्रसंग आला की तमुक करीन’ अशा बांधणीचे संकल्प अधिक पार पडतात, हे मांडले, त्याचे मर्मही हेच आहे. म्हणून ‘रोज प्राणायाम’ असे न लिहिता ‘सकाळी दात घासल्यावर, चहापूर्वी, पाच मिनिटे’ असे लिहावे. रात्रपाळीवाल्यास ‘झोपून उठल्यावर’ हाच प्रातःकाल समजावा.

अनुपान म्हणजे सोबत. घरातील कोणी, शेजारचा कारागीर किंवा भिशीतील सोबती यांपैकी एकाचे नाव रुग्णाकडून वदवून घ्यावे.

पुनर्भेट म्हणजे पुनःश्रुत. सातव्या, एकविसाव्या आणि सहासष्टाव्या दिवशी रुग्णाला एकच प्रश्न विचारावा : किती दिवस जमले? का जमले नाही, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. मात्रा जड झाली असेल तर ती कमी करावी, जशी आपण औषधाची करतो.

क्रम कोठे लावू नये

पादांशिक क्रम सर्वत्र लावण्याचा आग्रह धरू नये. याविषयी तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत.

पहिली तंबाखूविषयी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होते. राज्यात २०१२ मध्ये गुटखाबंदी झाल्यानंतरचे हे चित्र आहे. २०१६ मध्ये इंग्लंडमधील ६९७ धूम्रपान करणाऱ्यांवरील अभ्यासात ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी मुक्त होते, तर दोन आठवड्यांत हळूहळू कमी करणाऱ्यांत हे प्रमाण ३९.२ टक्के होते. दोन्ही गटांना निकोटिनयुक्त साहाय्यक उपचार व समुपदेशन मिळत होते. म्हणून तंबाखूच्या बाबतीत, रुग्णाची तयारी असेल तर, दिवस ठरवून पूर्णपणे सोडण्याचा मार्ग आधी पुढे ठेवावा. त्याभोवतीच्या सवयी, म्हणजे जागरण, चहा, रिकामे तोंड, यांसाठी पाद योजावा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यक्रमांक १८००-११-२३५६ चिठ्ठीवर छापून घ्यावा.

दुसरी मद्याविषयी. रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्याने ते अचानक बंद केल्यास कंप, झटके, भ्रम यांसारखे जिवावर बेतणारे उपद्रव होऊ शकतात. अशा रुग्णास नववर्षाच्या उत्साहात घरच्या घरी सोडण्यास सांगू नये. त्यास रुग्णालयाच्या देखरेखीखाली पाठवावे.

तिसरी चालू औषधांविषयी. मधुमेह, रक्तदाब, अपस्मार, हृद्रोग यांची औषधे ‘सवय’ नव्हेत. रुग्णाने ती स्वतःच्या मनाने पादाने कमी करणे घातक आहे. मधुमेहाची औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्याच्या जेवणाच्या वेळाही संबंधित चिकित्सकाशी बोलल्याविना बदलू नयेत.

वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी

औषधविक्रेत्यांच्या दुकानात सवयींचे दर्शन वैद्यांपेक्षा अधिक जवळून घडते. दर आठवड्याला सोनामुखीयुक्त रेचक चूर्णाची डबी नेणारा ग्राहक त्यांना तोंडपाठ असतो. असा ग्राहक दिसताच ‘किती दिवसांपासून घेता?’ एवढे विचारावे आणि त्याला वैद्यांकडे धाडावे. वैद्याने चूर्णाची मात्रा पादाने उतरवीत त्या जागी आहारातील स्नेह, उष्णोदक व मलप्रवृत्तीची ठरलेली वेळ घालावी. एक डबी कमी खपेल, पण त्या ग्राहकाचा दुकानावरचा विश्वास वाढेल.

दुकानाच्या कामातही क्रमच उपयोगी पडतो. वर्षाअखेरीस एकदा सारे कपाट आवरण्याचा संकल्प बहुधा पुढील वर्षावर जातो. शार्ङ्गधराने चूर्णाची वीर्यहानी दोन महिन्यांनंतर आणि गुटी व अवलेहाची वर्षानंतर सांगितली आहे. आज वेष्टनावर छापलेली मुदत पाळणे कायद्याने बंधनकारक आहेच. तरी दर सोमवारी दुकान उघडल्यावर एकच फळी तपासावी, जुना माल पुढे व नवा मागे लावावा, उघड्या चूर्णाच्या बरणीवर तारीख घालावी. देखरेखीखालीच घ्यावयाची विषद्रव्ययुक्त औषधे चिठ्ठीशिवाय न देणे हाही असाच एक नेम आहे.

राहता राहिले आपण वैद्य. दुपारी तीन वाजता जेवणारा, रात्री अकरापर्यंत रुग्ण तपासणारा आणि वेगधारण करून बसणारा वैद्य दिनचर्येवर बोलू लागला की रुग्णाला त्यातील पोकळी कळते. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील अध्ययनविधी नित्याच्या पुनरावृत्तीवर भर देतो. सूत्रस्थानात अभ्यासास शीलन व सततक्रिया हे पर्याय दिले आहेत, तेही हेच सुचवितात. या वर्षी ‘संपूर्ण चरक पुन्हा वाचीन’ असा संकल्प न करता पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी पाच श्लोक वाचावेत. सर्व रुग्णांची सविस्तर नोंद ठेवण्याऐवजी आरंभी दिवसाच्या रुग्णांपैकी एका पादाची ठेवावी, मग वाढवीत न्यावी. दुपारच्या जेवणाची वेळ रोज पंधरा मिनिटांनी नव्हे, दर आठवड्यास पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सहा आठवड्यांत ती दीड तास अलीकडे येते.

वैद्यबंधुभगिनींनी व औषधविक्रेत्यांनी येत्या वर्षारंभी स्वतःसाठी एक आणि दहा रुग्णांसाठी प्रत्येकी एक अशी संकल्पाची चिठ्ठी लिहून पाहावी आणि सहासष्टाव्या दिवसापर्यंतची नोंद ठेवावी. भिवंडीच्या पाळीत, भिशीत आणि गोदामात राहूनही कोणते पाद जमतात व कोणते अडतात, हे या नोंदींतून कळेल आणि त्यातून पुढील रुग्णाची मात्रा ठरविणे सोपे जाईल. सर्वांस नववर्षाच्या आरोग्यदायी शुभेच्छा. इति शम्.